बाईंच्या कानावर गेलेलं पुढे कुठे जातं?

पत्र

ताई, तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी २००३ पासून गणित शिकवते. जूनमध्ये आधीचे सर निवृत्त झाले आणि सेवाज्येष्ठतेने मी मुख्याध्यापिका झाले. आम्ही २२ शिक्षक आहोत. ज्यांच्याबरोबर वीस वर्षं डबा खाल्ला, ती माणसं आता मी स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं की गप्प होतात. सभेत कुणी तोंड उघडत नाही, सगळे विषय सर्वानुमते मंजूर.

ऑगस्टमध्ये नववीच्या एका पालकांनी थेट संस्थेच्या सचिवांकडे तक्रार नेली की विज्ञानाच्या सरांनी जूनपासून वह्या तपासलेल्या नाहीत. सचिवांचा मला फोन आला, तोवर पालक माझ्यासमोर येऊन बसले होते. मी सरांना तासावरून बोलावून घेतलं आणि विचारलं. ते काहीच बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, कारण सर चांगले आहेत, शाळेचं संगणकाचं सगळं तेच बघतात. मग एकट्यावर ठपका नको म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनाच सूचना टाकली की वह्या तपासणीचा अहवाल शनिवारपर्यंत द्यावा. तेव्हापासून जास्तच बिनसलंय. शिवाय दोघी जणी रोज दहा मिनिटं उशिरा येतात, त्यातली एक माझी जिवलग मैत्रीण.

एक सहकारी मात्र माझ्या बाजूने आहेत. कोण काय बोललं ते रोज येऊन सांगतात, त्यामुळे निदान अंदाज येतो. दिवाळीआधी सगळ्यांना स्नेहभोजन द्यावं आणि ऑफिसबाहेर सूचनापेटी लावावी असं मनात आहे. मी कडक व्हावं की पूर्वीसारखी मैत्रीण राहावं?

एक मुख्याध्यापिका

उत्तर

प्रिय बाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी वह्यांच्या प्रसंगापाशी अडकले. दुसऱ्या वेळी ‘एक सहकारी मात्र माझ्या बाजूने आहेत’ या वाक्यापाशी. तुम्ही ते दिलासा म्हणून लिहिलंय. मला वाटतं, दुखणं तिथेच आहे.

असे सहकारी बहुतेक शाळांत असतात. मुख्याध्यापक बदलतात, हे बदलत नाहीत. आधीच्या सरांच्या केबिनमध्येही ते रोज जात असतील, आणि तेव्हा ते तुमच्याबद्दल काय सांगत होते हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा माझ्याही पहिल्या वर्षी असेच एक गृहस्थ परिपाठ संपला की यायचे. एकदा म्हणाले, मराठीचे सर म्हणत होते, बाईंना भूगोल येतो, शाळा चालवता येत नाही. मी हसण्यावारी नेलं. निदान वरवर तरी. पुढच्या महिन्यात एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, वेळापत्रक पुन्हा बसवावं लागलं, आणि त्या मराठीच्या सरांच्या वाट्याला आठवड्यातले चार शेवटचे तास आले. वर त्यांचा ऑफ तास जवळजवळ रोज बदलीवर जायला लागला. मी हे मुद्दाम केलेलं नाही, असं मी स्वतःला बजावत होते. स्टाफरूमने मात्र ते वेळापत्रक बरोबर वाचलं. मुख्याध्यापकाच्या मनात काय आहे हे शिक्षक त्याच्या भाषणात शोधत नाहीत, वेळापत्रकात शोधतात. दोन वर्षांनी आमचे लिपिक बोलता बोलता बोलून गेले की ते वाक्य मराठीच्या सरांचं नव्हतंच, सांगणाऱ्याचंच होतं. त्या दोन वर्षांत मराठीच्या सरांनी मला एकदाही विचारलं नव्हतं की शेवटचे तास मलाच का. मला त्याचंच जास्त लागलं. विचारून उपयोग नाही, इतकी त्यांची खात्री पटलेली होती.

तेव्हा ‘कडक की मैत्रीण’ हा प्रश्न बाजूला ठेवा. तुमचे शिक्षक तुम्ही कडक आहात की प्रेमळ, याचा हिशेब करत बसलेले नाहीत. त्यांना एवढंच कळत नाहीये की आपण बोललेली गोष्ट पुढे कुठे जाते. स्टाफरूममधलं वाक्य केबिनमध्ये पोचतं हे त्यांना माहीत आहे, कारण ते गृहस्थ उठून कुठे जातात हे सगळ्यांना दिसतं. केबिनमधलं सचिवांपर्यंत जातं का? सचिवांकडून आलेलं पालकांसमोर तोंडावर येतं, हे त्यांनी ऑगस्टमध्ये पाहिलं. अशा जागी गप्प बसणं हाच शहाणपणा. मीही तेच केलं असतं, आणि तुम्हीही आधीच्या सरांच्या काळात केलं असेल.

तुम्ही म्हणाल, मी काय कुणाला खाणार आहे? पण तुमच्या टेबलावरून काय काय जातं ते आठवा. पगारबिल शालार्थवर, म्हणजे पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर, तुम्ही पुढे पाठवता. किरकोळ रजेच्या अर्जावर सही तुमची. १२ वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा आणि २४ वर्षांनंतरच्या निवडश्रेणीचा प्रस्ताव तुमच्याकडून जातो. गोपनीय अहवाल तुम्ही लिहिता. मेमध्ये हे सगळं दुसऱ्याच्या हातात होतं आणि तुम्ही त्यांच्यातल्या एक होता. बाई त्याच आहेत, पण हातातलं पेन निराळं आहे. त्या पेनाकडे बघून माणसं सावध झाली तर त्यांचा राग येऊ देऊ नका.

आधी त्या गृहस्थांचं करा. उद्या ते आले आणि खुर्ची ओढली की म्हणा, ‘सर, हे ज्यांनी म्हटलं त्यांना माझ्याशी बोलायला सांगा. तुमच्याकडून मला नको.’ हसून म्हणा, पण दर वेळी म्हणा. तीन-चार दिवसांत त्यांचं येणं कमी होईल. त्यांचा अपमान करू नका, त्यांना वाळीतही टाकू नका. अशा माणसांना बहुधा महत्त्व हवं असतं, तेव्हा स्नेहसंमेलनाची किंवा क्रीडास्पर्धांची खरी जबाबदारी द्या. एक मात्र होईल. तुम्हाला जो ‘अंदाज’ येत होता तो बंद होईल. काही आठवडे अंधारात चाचपडल्यासारखं वाटेल आणि ते गृहस्थ सांगायचे ते बरं होतं असं मनात येईल. तेवढे दिवस काढा.

आता विज्ञानाच्या सरांकडे येते. तुम्ही गणिताच्या आहात, म्हणून हिशेबच मांडते. चार तुकड्या आणि तुकडीत ५५ मुलं धरली तर वह्या झाल्या २२०. एका वहीला तीन मिनिटं दिली तर ६६० मिनिटं, म्हणजे ११ तास. ही फक्त एक फेरी. आणि तुम्हीच लिहिलंय की संगणकाचं सगळं तेच बघतात. म्हणजे यू-डायसची, सरकारला ऑनलाइन द्यायची शाळेची माहिती, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज, बोर्डाचे फॉर्म, ज्या मुलांच्या आधार कार्डावरचं नाव जुळत नाही त्यांच्या दुरुस्त्या, आणि मधेच ‘सर, जरा प्रिंटर बघता का?’ आमच्या वेळी ज्याचं अक्षर चांगलं त्याच्या गळ्यात दाखले लिहिण्याचं काम पडायचं. आता ज्याला संगणक येतो त्याचा बळी जातो. प्रवेशाच्या दिवसांत, जून ते ऑगस्ट, ते सर किती वाजेपर्यंत शाळेत थांबत होते? शिपायाला विचारा, तो सांगेल.

कदाचित त्यांनी खरोखर आळसही केला असेल. मी त्यांची वकिली करत नाही. पण ते विचारल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि विचारायची जागा पालकांसमोरची नव्हती. ते गप्प बसले याचा तुम्ही काय अर्थ लावलात माहीत नाही. मी असा लावते की त्यांनी तुम्हाला सांभाळून घेतलं. ‘मॅडम, तुमच्याच ऑफिसचं काम करत होतो’ असं ते तिथे म्हणाले असते, तर पालक आणि सचिव दोघांसमोर तुमची काय अवस्था झाली असती?

संशोधनाचे दाखले देणारी माणसं मला फारशी आवडत नाहीत, तरी एक देते. अमेरिकेत शिकागोमधल्या शेकडो प्राथमिक शाळांचा अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी १९९० च्या दशकात वर्षानुवर्षं अभ्यास केला. ज्या शाळांत मोठ्या माणसांचा एकमेकांवर भक्कम विश्वास होता, त्यांच्यापैकी साधारण निम्म्या शाळा मुलांच्या वाचनात आणि गणितात पुढे गेल्या. जिथे तो नव्हता, तिथे सातांतली एखादीच. या दोघांचं म्हणणं असं की माणसं एकमेकांना चार गोष्टींवरून जोखतात: समोरचा माझा मान ठेवतो का, त्याला त्याचं काम येतं का, त्याला माझ्याबद्दल आपुलकी आहे का, आणि तो बोलतो तसा वागतो का. शिकागो कुठे आणि आपला तालुका कुठे. पण ऑगस्टमधली तुमच्या केबिनमधली ती पाच मिनिटं या चार प्रश्नांसमोर धरून बघा. तुम्हाला काम येत नाही असं कुणी म्हणणार नाही. बाकीच्या तिन्ही उत्तरांवर त्या दिवशी काट मारली गेली.

सरांची माफी मागायला हवी. त्यांना केबिनमध्ये बोलावू नका, शाळा सुटल्यावर तुम्ही प्रयोगशाळेत जा. म्हणा, ‘सर, ऑगस्टमध्ये त्या पालकांसमोर मी तुम्हाला बोलावलं ते चुकलं. आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं.’ आणि थांबा. पुढे ‘पण’ नको. सचिवांचा फोन आला होता, पालक समोरच बसले होते, हे सगळं खरं आहे आणि ते सगळं सांगितलं की माफी उरत नाही. ते काही बोलले तर ऐकून घ्या. नाही बोलले तर ‘बरं सर, येते’ म्हणून निघा. वह्यांचा विषय त्या दिवशी काढू नका. तो आठवडाभराने काढा, आणि काढाल तेव्हा त्यांच्याकडचं संगणकाचं एखादं काम आधी उचलून दुसऱ्याकडे दिलेलं असू द्या. मी तुमच्या जागी असते तर शिष्यवृत्तीचे अर्ज स्वतःकडे घेतले असते. मुख्याध्यापिका स्क्रीनसमोर बसून अर्ज भरतेय हे शिक्षकांना दिसलं, तर स्नेहभोजनाच्या पुरणपोळीपेक्षा ते त्यांच्या जास्त लक्षात राहील.

व्हॉट्सॲपवरच्या त्या सूचनेचंही बोलायला हवं. एकाशी बोलायचा संकोच वाटला म्हणून तुम्ही बावीस जणांना बोललात. ज्यांच्या वह्या वेळेवर तपासलेल्या होत्या त्यांना कारण नसताना दटावणी मिळाली, आणि ती कुणामुळे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे सरांचीही दुसऱ्यांदा शोभा झाली. ग्रुपवर सुट्टी, सभेची वेळ, परिपत्रक एवढंच जाऊ द्या. कुणाच्या कामाबद्दलचं बोलणं त्या माणसाच्या समोर.

यापुढे पालक तक्रार घेऊन आले तर त्यांना बसवा, पाणी द्या, त्यांचं म्हणणं स्वतःच्या हाताने लिहून घ्या आणि सांगा की दोन दिवसांत कळवते. मग शिक्षकाशी एकट्याशी बोला. त्यानंतर गरज पडली तर तिघं बसा, आणि तोवर शिक्षकाला माहीत असू द्या की तुम्ही तिथे काय बोलणार आहात. ही पद्धत पुढच्या सभेत सगळ्यांसमोर सांगा. तेव्हा ‘ऑगस्टमध्ये मी हे केलं नाही’ असं एक वाक्य म्हणायचं की नाही, ते सरांना विचारून ठरवा. त्यांना तो विषय पुन्हा चर्चेत नको असेल तर नको.

इथे एक गोष्ट पक्की वेगळी ठेवा. मुलाला मारहाण झाल्याची तक्रार असेल तर ‘आधी आपल्या माणसाशी बोलू’ म्हणून ती जिरवायची नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. आणि लैंगिक छळाची नुसती शंका जरी आली, तरी २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. हाताखालच्या माणसाबद्दल कळूनही संस्थेच्या प्रमुखाने ते दडवलं तर कलम २१ प्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तिथे संस्थेचं नाव, वीस वर्षांची ओळख, कुणाची निवृत्ती जवळ आलेली असणं, काहीही मधे येऊ द्यायचं नाही. हेही सभेत आधीच सांगून ठेवा. प्रामाणिक शिक्षकाला ते ऐकून बरंच वाटेल.

सगळ्यात अवघड भाग सचिवांचा आहे. संस्थेच्या माणसाला ‘नाही’ म्हणा असं मी इथे बसून सांगणं सोपं आहे, तुमची नेमणूक त्यांच्या सहीची आहे हे मला कळतं. पण ‘साहेब, माहिती घेते आणि परवा सांगते’ एवढं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. बहुतेक सचिवांना तेवढं पुरतं. त्यांच्याकडेही कुणी तरी येऊन बसलेलं असतं आणि त्यांना त्या माणसाला वाटेला लावायचं असतं. मात्र परवा न विसरता सांगा, नाहीतर पुढच्या वेळी ते पालकांना थेट वर्गावर पाठवतील. तुमच्याकडे आलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्यापर्यंत नेण्याची गरज नाही. कुठली नेता आणि कुठली नाही, हे शिक्षकांना सांगावं लागत नाही. वर्षभरात त्यांचं त्यांना कळतं.

उशिरा येणाऱ्या दोघींपैकी आधी तुमच्या मैत्रिणीशी बोला, आणि तेही तिच्या घरी. ‘अगं, मी तुला सूट दिली तर मला कुणालाच काही म्हणता येणार नाही.’ ती रागावेल. दुसऱ्या दिवशी दुसरीशी त्याच शब्दांत, फक्त ‘अगं’ वगळून. त्यानंतरही उशीर झाला तर मस्टरवर लाल शाईचा शेरा दोघींच्या नावापुढे एकाच दिवशी, आणि तुमच्याकडे सलग काही उशिरांना एक किरकोळ रजा अशी पद्धत असेल तर तीही दोघींना सारखी. स्टाफरूमची नजर त्या मैत्रिणीच्या रकान्यावर आहे, हे लक्षात असू द्या. कारण विचारायला विसरू नका. एसटीची वेळ बदलली असेल तर पहिला तास दुसऱ्याला देऊन प्रश्न सुटतो आणि शाई वाचते.

सूचनापेटी लावू नका. बावीस जणांच्या शाळेत वीस वर्षांत प्रत्येकाला प्रत्येकाचं अक्षर ओळखू येतं. पहिली चिठ्ठी पडली की अर्धी स्टाफरूम ती कुणाची यावर पैज लावेल, आणि एक चिठ्ठी तरी ते गृहस्थ टाकतीलच. स्नेहभोजनाचं म्हणाल तर यंदा नको. रुसलेल्या माणसांना जेवायला बोलावलं की ती जेवतात आणि रुसलेलीच राहतात, तुमचा खर्च तेवढा होतो.

वर्गनिरीक्षण सुरू केलंत की नाही हे पत्रात नाही. केलं असेल तर एवढंच पाळा: लॉगबुकात जे लिहाल ते लिहिण्याआधी त्याच दिवशी तोंडी सांगा. आणि दहावीचा एखादा गणिताचा तास तुम्ही स्वतः घेत असाल तर दोघा-तिघांना मागच्या बाकावर येऊन बसायचं आमंत्रण द्या. तुमचाही एखादा तास फसू द्या त्यांच्यासमोर. गोपनीय अहवालाचंही तेच. खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे प्रतिकूल शेरा लेखी कळवावा लागतोच, पण ते पत्र हातात पडेल तेव्हा त्यातलं एकही वाक्य त्या शिक्षकाला नवं वाटता कामा नये. फेब्रुवारीत प्रत्येकाला वीस मिनिटं दिलीत तर बावीस जणांचे साडेसात तासही होत नाहीत.

आणि डबा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुम्ही आता केबिनमध्ये एकट्या जेवत असणार. मीही अकरा वर्षं जेवले. रोज स्टाफरूममध्ये जाऊ नका. त्यांना तुमच्याबद्दल कुरकुर करायला एक जागा हवी, ती त्यांच्याकडून काढून घेऊ नका. आठवड्यातला एक वार ठरवा, सगळ्यांना माहीत असलेला, आणि त्या दिवशी डबा घेऊन जा. शाळेचा विषय काढू नका. पहिले तीन-चार आठवडे भाजीत मीठ जास्त झालंय की कमी यापलीकडे गप्पा जाणार नाहीत, आणि जेवण लवकर आटपेल.

मला उत्तर लगेच लिहू नका. जानेवारीत लिहा, आणि तेव्हा मला एवढंच कळवा की एखाद्या सभेत कुणी तुमच्या प्रस्तावाला ‘मॅडम, हे मला पटत नाही’ असं म्हटलं का. म्हटलं असेल तर इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहू देऊ नका. कोण काय म्हणालं ते नावासकट नोंदवा, त्या व्यक्तीला विचारून.